नाव त्यांचं, गाद्या आमच्या

७ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी. हौस म्हणून नव्हे, वकिलानं सांगितलं म्हणून. "भावोजी, जे जे घडेल ते तारीख घालून लिहून ठेवा, पुढे कामाला येईल." वकील म्हणजे आमच्या हिचा मावसभाऊ, माझा मेहुणा. फी घेत नाही, त्यामुळे सल्ला सढळ हातानं देतो.

घडलं ते असं. सकाळी दुकान उघडलं, दोन गाद्या दाराशी उभ्या केल्या, तोच टपालवाला जाड लिफाफा ठेवून गेला. नोटीस. पाठवणारे झोपेचे डॉक्टर. हे गृहस्थ रोज सकाळी रेडिओवर बोलतात. लोक नुकते डोळे चोळत उठलेले असतात तेव्हा हे त्यांना झोपायचं कसं ते सांगतात. वेळेची अशी जाण असलेला माणूस प्रसिद्ध होणारच.

त्यांचं नाव आणि माझं नाव एकच. आडनावासकट. ते इथे लिहीत नाही. तंटा नावाचाच आहे, वहीत लिहिलं तर उद्या वहीही मागतील. तसं नाव काही दुर्मिळ नाही. शाळेत आमच्या वर्गात या नावाचे चौघं होतो. मास्तरांनी बक्षिसासाठी हाक मारली की चौघं उभे राहायचे, छडीसाठी मारली की चौघंही बसून राहायचे.

नोटिशीत लिहिलंय, "सदरहू नाव आमच्या अशिलांच्या कीर्तीशी निगडित असल्याने आपण ते आपल्या फलकावरून एप्रिल उजाडण्यापूर्वी उतरवावे." म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात दाभण ओढत मी बोटांना घट्टे पाडले, स्वतःचं दुकान काढलं, वर कारखाना थाटला, स्वतःच्या हातानं फळी रंगवून त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, आणि हे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, बीळ आमचं.

आता वहीत तरी खरं लिहावं. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "रेडिओवरच्या डॉक्टरांचंच ना हे दुकान?" मी खोटं कधी बोललो नाही. मी फक्त म्हणतो, "बोर्ड वाचा की."

हिला नोटीस दाखवली. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "मग उतरवा की. तशीही ती फळी एका बाजूनं लोंबतेय."

"अगं, नाव गेलं तर धंदा गेला! आठ माणसांची पोटं आहेत त्याच्यावर."

"असं का?" म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. धंद्यातलं हिला कळत नाही, यात तिचा दोष नाही.

१० फेब्रुवारी

मेहुण्यानं युक्ती काढली. हे नाव कुणा एकाचं नाही असं दाखवायचं. या नावाची नामवंत माणसं गोळा करायची आणि एकत्र अर्ज द्यायचा. "भावोजी, एकटा गादीवाला म्हणजे गादीवाला. पण चार नामवंत मागे उभे राहिले की झालं शिष्टमंडळ."

लेक हिशेबाला बसली होती, तिथून म्हणाली, "बाबा, पण पाचवे तुम्ही कशाला? नामवंतांत गादीवाला कसा चालेल?"

"मी संयोजक."

"हां. म्हणजे चहाचा खर्च तुमचा."

पोरगी आईवर गेली आहे.

टेलिफोनची जुनी यादी काढली. आमच्या नावाची पानंच्या पानं. त्यातून नामवंत वेचायचे म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं, फक्त इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचे. तीन खडे मिळाले: एक निवृत्त न्यायाधीश, एक कवी आणि एक जुना फुटबॉलचा गोलकीपर.

१५ फेब्रुवारी

आधी न्यायाधीशांकडे गेलो. दारावर पितळी अक्षरांत नाव. आपलंच नाव दुसऱ्याच्या दारावर वाचून घंटी वाजवायची म्हणजे स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यासारखं वाटतं.

"तुमचं म्हणणं, तुमचंही नाव हेच?"

"होय साहेब."

"पुरावा?"

ओळखपत्र काढून दिलं. दिव्याखाली धरलं, उलटून पाहिलं, परत केलं. "सकृद्दर्शनी दिसतं खरं." मग चहा आला. चहा पिताना ते मोकळे झाले. त्या कवीची पत्रं म्हणे यांच्या पत्त्यावर येतात. बायका लिहितात. "'तुमच्या ओळी वाचून उशी भिजली.' मला सांगा, मी यावर काय निकाल देणार?"

"मग परत पाठवता?"

"पाठवीन. पण कुणाची आहेत हे समजायला आधी वाचावी तर लागतात!" कपाटात वरच्या कप्प्यात जाडजूड गठ्ठा होता, रेशमी फितीनं बांधलेला. समजायला बराच वेळ लागतोय, असं दिसलं.

तिथून कवीकडे. कवी तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि जिन्याला दिवा नाही. त्यांचं दुखणं गोलकीपरचं. लोक रस्त्यात थांबवतात आणि म्हणतात, तो गोल तुम्ही सोडलात कसा? "मी चेंडूला आयुष्यात हात लावलेला नाही हो! पण इतके जण विचारतात की शेवटी मलाच अपराधी वाटायला लागलं. 'तो गोल' अशी कविता केली. बरी चालली."

"मग तक्रार कसली?"

"पुरस्कार मिळाला, तो गोलकीपरच्या पत्त्यावर गेला."

गोलकीपरांचं खेळाच्या सामानाचं छोटं दुकान आहे. हात सुपाएवढे. पुरस्काराच्या ढालीवर ते सुट्या पैशांचा डबा ठेवतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करायचं काय? मधे उभं राहायचं? मला तेवढंच येतं. मी येतो." तिघांत हा एकच माणूस पुरावा किंवा पुरस्काराचं न काढता हो म्हणाला.

२२ फेब्रुवारी

मंडळाची पहिली सभा आमच्या माडीवर. खुर्च्या नाहीत, गाद्याच गाद्या, म्हणून गाद्यांच्या थप्प्यांवर बैठक. न्यायाधीशांनी सगळ्यांत उंच थप्पी धरली. ते पाहून कवींनी शेजारच्या थप्पीवर आणखी दोन उशा मागवल्या. गोलकीपर जमिनीवर बसले आणि तरीही सगळ्यांत उंच दिसले.

पहिला प्रश्न, हाक कशी मारायची? एकानं नाव घेतलं की चौघं "काय?" म्हणायचे. न्यायाधीश म्हणाले, वयानुसार क्रमांक द्यावेत. कवी म्हणाले, माणसाला क्रमांक तुरुंगात देतात. "तुम्हाला माहीत असणारच, तुम्हीच पाठवत होतात." शेवटी ठरलं, ज्यानं त्यानं धंद्यानं ओळखायचं. आईबापांनी ठेवलेल्या नावासाठी भांडायला जमलेल्या चौघांनी पहिला ठराव केला तो ते नाव न वापरण्याचा. एकमतानं मंजूर.

सभा चालू असताना चहा सांगायला खाली आलो. खाली आमची ही एका बाईला गादीवर आडवी करून बसली होती. "डोळे मिटा. कुठल्या कुशीवर वळावंसं वाटतंय? आधी कंबर टेकते की खांदा? उठताना हात कुठे रोवता?" बाई पडल्या पडल्या सासूपासून सगळं सांगत होत्या. तासभर! एका गादीसाठी! मी दहा मिनिटांत तीन खपवल्या असत्या. मग आमचा मुख्य कारागीर त्या बाईंच्या मापानं एक शिवण उसवून कापूस इकडचा तिकडे करत बसला. याला सगळे दाभण म्हणतात, कारण बोलला की टोचतो.

बाई जाताना म्हणाल्या, "नाव ऐकून आले होते हो."

वर जाऊन मंडळाला सांगितलं, "बघा, नावाची जादू!"

४ मार्च

अर्ज परत आला.

आम्ही चौघांनी मोठ्या थाटात सह्या केल्या होत्या. न्यायाधीशांनी टाकानं, कवींनी तिरक्या अक्षरांत, गोलकीपरांनी पानभर आणि मी उरलेल्या जागेत. कचेरीतून शेरा आला: "अर्जदाराने एकदाच सही करावी. विनाकारण पुनरावृत्ती टाळावी."

मेहुणा डोकं धरून बसला. मी म्हणालो, "वकीलसाहेब, हे तुमच्या ध्यानात यायला नको होतं?"

"भावोजी, चार माणसं एकच सही करतील असं कायद्यात कुठे धरलेलं नाही."

न्यायाधीश म्हणाले, यात कचेरीचं काही चुकलं नाही, पहिली सही त्यांची होती, ती पुरेशी आहे. कवी म्हणाले, हस्ताक्षरावरून भावना कळायला हव्या होत्या. गोलकीपर म्हणाले, "पुन्हा एक संधी मिळेल ना?" त्या प्रश्नानं मात्र मला कसंसंच झालं. हा माणूस आयुष्यभर तेच विचारत आला असणार.

९ मार्च

वर्तमानपत्रात मंडळाचा फोटो आला! दुकानाच्या बोर्डाखाली उभे आम्ही चौघं. खाली छापलंय, "डावीकडून" आणि मग आमचं नाव, आणि मग "व इतर".

न्यायाधीशांचा फोन आला. वीस प्रती घेतल्या म्हणाले. "नाव माझं घातलंय, बाकीच्यांना इतर म्हटलंय, हे जरा बरोबर नाही झालं, पण चालायचंच." नंतर कवींचा फोन आला. तेही बाकीच्यांबद्दल तसेच हळहळले. मी दोघांचंही सांत्वन केलं. खरं म्हणजे डावीकडून पहिला मी आहे, पण मोठ्या मनानं बोललो नाही.

ही म्हणाली, "फोटोत बोर्ड किती तिरपा दिसतोय हो."

१२ मार्च

हिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ही पंधरवडाभर तिकडे गेली. ऐन युद्धात सेनापतीला सोडून जायचं म्हणजे... पण गुडघा तो गुडघा. जाताना म्हणाली, "गिऱ्हाइकाला घाई करू नका." मी म्हणालो, "तू निर्धास्त जा." दुकानात आता कामं पटापट उरकतील.

१६ मार्च

कामं पटापट उरकली, कारण गिऱ्हाईकच नाही. सकाळपासून तीन जण आले. एक आजोबा दारातून डोकावून म्हणाले, "काकू नाहीत?" दुकानात हिला सगळे काकूच म्हणतात. मी म्हणालो, "मी आहे ना! या." ते म्हणाले, "नको, मग परत येतो." दुसरी बाई तशीच. तिसरा नुसता हसला आणि गेला.

माझे कान लहानपणापासून तिखट आहेत. कानांवरच वर आलो. गिऱ्हाईक बोलतं एक आणि त्याच्या पोटात असतं दुसरं. काकूंचं निमित्त. नोटिशीची बातमी फुटली आहे, हे त्यातलं इंगित. नावाला ओहोटी लागली की आधी गिऱ्हाइकाला कळतं.

दाभण म्हणाला, "मालक, काकूंना फोन करू का?"

"कशाला? तिथे गुडघा आहे."

"इथे कणा आहे, म्हणून म्हटलं."

याला कामावर ठेवलाय की टोचायला, कळत नाही.

२१ मार्च

चार दिवसांत दोन गाद्या आणि एक उशी. उशी मेहुण्यानं नेली, तीही उधार.

घाबरलोय, हे लिहून ठेवतो. लेकीला सांगितलं नाही. वर कारखान्यात माणसं नुसती बसून आहेत आणि मला पाहिलं की उगाच सुई ओवतात.

डॉक्टरांच्या वकिलाला भेटलो. तरुण आहे, बूट आरशासारखे. म्हणाला, मार्ग निघेल. नाव ठेवा, शिवाय डॉक्टरांचा फोटोही लावा, आणि दर गादीमागे तिसरा हिस्सा डॉक्टरांना. कायमचा. "तुम्ही नाव वापरता, त्याचं भाडं समजा."

माझ्याच नावात मी भाडेकरू! पण वाटेत येताना विचार केला, दोन हिस्से तर दोन हिस्से. सगळंच जाण्यापेक्षा बरं.

२३ मार्च

मंडळ बुडालं. सगळं कानावर आलं. न्यायाधीशांनी डॉक्टरांच्या संस्थेत सल्लागारपद घेतलं आहे. कवींनी डॉक्टरांच्या रेडिओसाठी अंगाई लिहून दिली. म्हणे ती ऐकली की पटकन झोप लागते. यात मात्र मला जराही शंका नाही. दोघांनी मला सांगितलं नाही, पण एकमेकांबद्दल सांगितलं.

गोलकीपर संध्याकाळी दुकानात आले. मी विचारलं, "तुम्हाला काय दिलं?"

"मला कुणी काही विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर?"

त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "सांगता येत नाही. चेंडू आल्याशिवाय कसं सांगणार?" खरं बोलणारा माणूस. मंडळात शोभत नव्हताच.

२६ मार्च

ही आली. दुपारी बॅग ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि दुकानात जाऊन बसली.

आणि काय योगायोग बघा, आजपासून गिऱ्हाईक वळलं! ते आजोबा आले, ती बाई आली, नुसता हसून गेलेलाही आला. संध्याकाळपर्यंत दाभणाला मान वर करायला फुरसत नव्हती. डॉक्टरांशी बोलणी चालली आहेत हे बाजारात पोचलेलं दिसतं. नाव टिकणार म्हटल्यावर बाजाराचा जीव भांड्यात पडला. चला, म्हणजे सही करणं बरोबरच.

जेवताना हिला कराराच्या अटी सांगितल्या.

"तिसरा हिस्सा? कशाबद्दल?"

"नावाबद्दल."

"तुमच्याच?"

लेक ताटात बघत हसली.

मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "तुला समजत नाही. तू नव्हतीस तेव्हा बघितलं मी, नाव डळमळलं तर काय होतं ते. दुकानात माशा मारत होतो."

हिनं लेकीकडे बघितलं. लेकीनं हिच्याकडे बघितलं. त्या दोघींचं असं चालतं. मग ही म्हणाली, "सही करायचीच असेल तर आपल्या दुकानात करा. डॉक्टरांना इकडे बोलवा. मी बघते त्यांना."

"बघतेस म्हणजे?"

"म्हणजे चहा करते."

३० मार्च

आजची नोंद लांबणार.

दुपारी डॉक्टर आले. बरोबर आरशाच्या बुटांचा वकील. माझ्या बाजूनं मेहुणा, आणि गोलकीपर, न बोलावता. दाराशी उभे राहिले.

डॉक्टरांना पहिल्यांदाच समोरून पाहिलं. रेडिओवर आवाज कसा लोण्यासारखा येतो. समोर पाहिलं तर डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मान एका बाजूला धरलेली, पापण्या सुजलेल्या. नाव मोठं, लक्षण खोटं, असं मनात आलं. वकील अटी वाचायला लागला. पहिलं कलम संपायच्या आत आमची ही चहा घेऊन आली, डॉक्टरांपुढे कप ठेवला आणि ठेवला तो परत उचलला.

"तुम्हाला नको चहा. किती दिवस झोपला नाहीत?"

डॉक्टर वकिलाकडे पाहायला लागले.

"त्यांना नका विचारू. त्यांना कुठून माहीत?"

"तसं काही नाही," डॉक्टर म्हणाले. मग हळूच, "कार्यक्रमासाठी पहाटे उठावं लागतं. उठायचंय या विचारानं झोप लागत नाही. बाहेर बोलू नका हं."

"डावा खांदा अडतो ना? या इकडे."

"अहो, आपलं कराराचं..." वकील म्हणाला.

"ते काय पळून जातंय? कागद आहे तो."

देशाला झोपवणारा माणूस लहान मुलासारखा उठला आणि बूट काढून गादीवर आडवा झाला. हिनं खांद्याखाली हात घालून बघितला, डाव्या कुशीवर वळवलं, उजव्या कुशीवर वळवलं. "दाभण, इथली शिवण उसव. चार बोटं. मूठभर काढ. अजून थोडा. बस." मग डॉक्टरांना म्हणाली, "आता डोळे मिटा आणि उद्या सकाळी काय बोलणार ते सांगा मला."

डॉक्टर बोलायला लागले. "नमस्कार. श्रोतेहो, झोप ही..." आणि घोरले.

वकील म्हणाला, "उठवा त्यांना!"

ही म्हणाली, "गिऱ्हाईक झोपलंय. हळू बोला."

वकिलानं उरलेली कलमं कुजबुजत वाचली. मेहुणा कुजबुजत हरकती घेत होता. गोलकीपर दारात असे उभे की बाहेरचा आवाजही आत येऊ नये. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडून काही सुटलं नाही.

एवढ्यात एक म्हातारी आणि तिची सून आत आल्या. पलीकडच्या गाद्यांपाशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या. माझे कान.

"हे कोण गं झोपलेत?"

"असतील कुणीतरी. काकू आधी झोपवून बघतात."

"जाताना गाडीवाल्याला सांगायला हवं ना, नाव काय म्हणालीस दुकानाचं?"

"नाव कुठे ठाऊक आहे? काकूंचं दुकान म्हटलं की आणून सोडतात."

"बाहेर बोर्ड आहे की."

"असेल. कोणाचं तरी नाव असतंच बोर्डावर."

कोणाचं तरी.

मी पेन उघडून बसलो होतो. वकिलानं कागद पुढे सरकवला, सहीच्या जागी बोट ठेवलं. मला मधले दिवस एकेक करून आठवायला लागले. ते आजोबा. ती बाई. नुसता हसून गेलेला. बहिणीचा गुडघा. माझे कान तिखट होते, ऐकलं सगळं अगदी स्वच्छ; फक्त ऐकलेलं सगळं मी माझ्याच खात्यावर जमा करत होतो.

पेनाचं टोपण लावलं.

"सही?" वकील म्हणाला.

"नाही करत."

"मग बोर्ड उतरवावा लागेल. परवा एप्रिल."

"उद्याच उतरवतो."

मेहुणा अर्धा उठला. "भावोजी! नाव गेलं तर..."

"फळी लोंबतेय तशीही," मी म्हणालो.

हिनं माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाकडे बघते ना, कुठली बाजू दुखतेय ते शोधत, तसं. मी दुसरीकडे बघितलं.

डॉक्टर दुकान बंद करायच्या वेळेला उठले. केस विस्कटलेले, गालावर गादीच्या टाक्यांची नक्षी. वकिलानं त्यांना करार फिसकटल्याचं आणि नाव आता त्यांच्या एकट्याचं झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग गादीवरून हात फिरवत म्हणाले, "ही घरी पाठवाल का?"

"पाठवतो. पण कुणी विचारलं कुठून घेतली, तर काय सांगाल?"

डॉक्टरांनी जांभई आवरली. "काकूंकडून."

३१ मार्च

गोलकीपरांनी फळी एका हातानं उतरवली. अवजड होती. मीच लाकूड जाड घेतलं होतं त्या काळी, टिकावं म्हणून.

हिनं विचारलं, "वाईट वाटलं?"

"छे! मुद्दामच केलं. डॉक्टरांना असं नावासकट तोंडावर पाडलं की विचारू नको."

"हो ना," ती म्हणाली. तिनं मला भात जास्त वाढला.

११ एप्रिल

न्यायाधीशांचं पत्र आलं. व्यापारात नाव वापरणं सोडल्यामुळे मंडळाचं माझं सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. मंडळ अजून आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि चिटणीस अशा तीन सह्या. नवे अध्यक्ष डॉक्टर. सह्या कुणाकुणाच्या ते वाचून कळायचा प्रश्नच नव्हता.

तिकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात म्हणे लोक गाद्यांची चौकशी करायला यायला लागले आहेत. नाव त्यांचं एकट्याचं झालं ना! कुणाच्या तरी उशीतून कापूस बाहेर आला, त्याचीही तक्रार तिकडेच गेली. नाव हवं असलं की सगळंच घ्यावं लागतं.

१९ एप्रिल

फळीच्या जागी भिंतीवर फिका चौकोन राहिला आहे. रंगाऱ्याला बोलावलं होतं. तो डबे घेऊन आला आणि म्हणाला, "काय लिहू?" मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "काही नको. उन्हापावसानं होईल सारखी." रंगारी डबे घेऊन परत गेला, अशा दुकानदारांचं काही खरं नाही, असं काहीसं पुटपुटला. ऐकलं मी.

दुपारी बाहेरगावचा एक माणूस म्हाताऱ्या बापाला घेऊन आला. इकडे तिकडे पाहत दारात थांबला.

"काकूंचं दुकान हेच का हो?"

"हेच."

"आहेत काकू?"

"आहेत. या ना आत."

मुलगा आत गेला. म्हातारा पायरीशी थांबला. कमरेवर हात ठेवून त्यानं मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. अनोळखी माणसाचा हात धरायच्या आधी माणूस बघावाच.

"आणि आपण?"

नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. सवयीनं येतंच.

"मी काका," म्हणालो, आणि त्याला हात देऊन वर घेतलं.